रब्बीआधी विहिरीचा हिशेब

परतीचा पाऊस ओसरला की नागपूर जिल्ह्यातल्या कन्हान-पारशिवनी पट्ट्यात रब्बीची जुळवाजुळव सुरू होते, आणि कोणते पीक घ्यायचे ते बहुधा यंदा पाऊस किती पडला यावर ठरते. हा आधार आता पुरेसा नाही, कारण पाऊस पडण्याची रीतच बदलली आहे. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाचा एकूण जोर मात्र कमी होत होता. ऑगस्ट २०२० अखेरचा पेंच-कन्हानचा पूर आठवा, किंवा २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरावर काही तासांत कोसळलेला शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस. भिजून फुगलेल्या काळ्या जमिनीत तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरते. उरलेले नाल्याने कन्हानला आणि कन्हानने वैनगंगेला जाते. पर्जन्यमापकात ते मोजले जाते, पण विहिरीच्या वाट्याला येत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे की मोठ्या पावसानेच तर विहिरी तुडुंब भरतात. त्यात तथ्य आहे. दक्षिण भारताच्या कठीण खडकात जोरदार पावसाने पुनर्भरण होते, असे अभ्यासही सांगतात. पण तेच अभ्यास उत्तर-मध्य भारतात हलक्या, रेंगाळणाऱ्या पावसाला अधिक महत्त्व देतात, आणि आपला भाग या दोहोंच्या सीमेवरचा. शिवाय मुरमाचा वरचा थर पातळ असेल तर तो जितक्या लवकर भरतो तितक्याच लवकर नाल्याकडे रिकामा होतो. काठोकाठ भरलेली ऑक्टोबरची विहीर त्यामुळे फसवी ठरू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा घेते ती उगीच नाही. दोराला गाठी मारून दर पंधरवड्याला आपल्या विहिरीची पातळी मोजा आणि वहीत लिहा. पाणी किती आहे याहून ते किती वेगाने उतरते हे अधिक कामाचे.

आता पिकाकडे. कठीण खडकाच्या भागात पावसाचा साधारण ८ ते १२ टक्के भाग भूजलात जातो असे धरले, तर हजार मिलिमीटर पावसातून हाती येतात ८० ते १२० मिलिमीटर. गव्हाला पाच ओलिते, प्रत्येकी ६० ते ७० मिलिमीटरची, म्हणजे तीनशेच्या वर. एक एकर गहू सुमारे तीन एकरांचे मुरलेले पाणी पितो. ओलिताचे थोडे पाणी परत झिरपते हे धरूनही फरक मोठाच राहतो. उन्हाळी धानाची गरज हजार मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि विहिरीच्या भरवशावर तो लावणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. हरभरा एक-दोन ओलितांत निघतो, जवसाचेही तसेच. गहू हवाच असेल तर कमी क्षेत्रावर घ्या, आणि मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी, द्यायचे पाणी चुकवू नका.

पेंचचा कालवा आहे, नदी उशाशी आहे, मग चिंता कशाची, असेही विचारले जाईल. कालव्याकाठच्या विहिरी बऱ्याच अंशी कालव्याच्या झिरप्यावर जगतात. पण २०१९ च्या उन्हाळ्यात पेंचवरचे तोतलाडोह धरणच मृतसाठ्यावर आले. वर मध्य प्रदेशात पेंचचेच पाणी अडवणारे चौराई धरण आहे आणि टंचाईत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. आवर्तन घटले की झिरपाही घटतो. नदीचे म्हणाल, तर पाणी धरून ठेवते ती वाळू. ती उपसली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते. बोअर आणखी खोल नेणे हा तर उपाय वाटतो तेवढा खात्रीचा नाहीच. कामठीच्या वालुकाश्मात खोलवर पाणी लागू शकते, पण पूर्वेकडच्या जुन्या कठीण खडकात खोली वाढते तशा भेगा विरळ होतात. खर्च वाढतो आणि शेजारच्या वावरातली विहीर आधी आटते.

या पंधरवड्यातले काम मात्र घाईचे आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या नाल्याची धार चालू असतानाच बसवा, कारण धार तुटल्यावर अडवायला काही उरत नाही. जिथे बंधारा नाही तिथे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. फुटलेले धुरे पुढच्या पावसाआधी बांधून काढा. शेतातले पाणी विहिरीत सोडायचे असेल तर आधी गोटे, खडी आणि वाळूच्या गाळण खड्ड्यातून काढा, आणि फवारणी झालेल्या वावराचे पाणी सोडूच नका.