पवळ्याच्या उंचीवरून

२०२४ च्या पोळ्याला आईने जुन्या लुगड्याच्या काठातून वीतभर लांबीचे दोन बैल शिवले, ढवळ्या आणि पवळ्या. मातीचे बैल भाचीच्या हातात आठवडाभरही टिकत नाहीत, म्हणून. सप्टेंबरअखेर आम्ही सिन्नरहून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निघालो, तेव्हा सात वर्षांच्या भाचीचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिने पवळ्या माझ्या हातात दिला. "मामा, ह्याला ने. आणि ह्याला दिसतं तसेच फोटो काढ." ढवळ्या तिच्या उशाशी राहिला. कुणाचं खेळणं सोबत घेऊन निघणाऱ्यांसाठी त्या दिवशीचे हे चार शब्द.

१. वाकायची तयारी ठेवा. पहिले फोटो मी उभ्यानेच काढले. सगळे सारखे, मध्ये बैल आणि मागे हिरवं. मग भाचीची अट आठवली आणि ओल्या पायवाटेच्या कडेला उकिडवा बसलो. तिथून तेरड्याची रोपं झाडांएवढी दिसत होती, शेवाळलेला दगड डोंगर झाला होता. एक पैसा किडा पवळ्याच्या खुरापाशी आला आणि गोल वेटोळं करून पडून राहिला. तो पुन्हा उलगडेपर्यंत आम्ही हललो नाही. ज्या वाटेने मी पूर्वी दोनदा झपाझप गेलो होतो, तिथे तीन पावलांना अर्धा तास लागला.

२. खिशात काही घालू नका. उतारावर कारवी फुलली होती. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. २०१६ नंतर २०२४ मध्ये, पुढे २०३२ मध्ये. भाची तेव्हा पंधरा वर्षांची असेल. एक जांभळं फूल तिच्यासाठी न्यावं असं फार वाटलं. नाही नेलं. वाटेवर गळून पडलेल्या फुलांत पवळ्याला उभं केलं, फोटो घेतला आणि फुलं तिथेच ठेवली.

३. खाऊ आणि खेळणं एका पिशवीत नको. चिक्कीच्या वासाने माकडाने पिशवीच ओढली. चिक्की गेली, पवळ्याचा कान फाटला. माणसांनी खायला घालून घालून लावलेली ही सवय आहे. त्यात माकडाचा काय दोष?

४. पाण्यापाशी थांबा. मुख्य दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटरवर. काळ्या कातळात शंभराहून जास्त लेणी. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंच मूर्ती आहेत आणि लोक साहजिकच तिथे थबकतात. मला मात्र पोढ्यांनी धरून ठेवलं. विहारांच्या बाजूला खडकात खोदलेली ही पाण्याची टाकी. इथल्या शिलालेखांतही 'पोढी' हाच शब्द आहे. पावसाची सर आली आणि कातळावर कोरलेल्या बारीक पन्हळींतून पाणी वाहत टाक्याकडे जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. इतक्या शतकांनंतरही उतार चुकलेला नाही.

सह्याद्री ओलांडताना ढग इगतपुरीला रिकामे होतात आणि आमच्या सिन्नरच्या पूर्व भागाला उरलेसुरले थेंब येतात. देवनदीवरचे जुने बंधारे आणि पाट जपणाऱ्या तालुक्यातल्या माणसाला असा उतार काढणारा हात परका वाटत नाही. पुढे ह्याच डोंगरांच्या कुशीत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाले, मुंबई ते पाणी प्यायली. आधी भिक्षू, मग महानगर. पवळ्याला पोढीच्या काठाशी ठेवलं, पाण्यात नाही. कोरीव कामावर तर कधीच नाही, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

५. बिबट्या दिसावा असा हट्ट धरू नका. आमच्याकडे तो उसात असतो, कोंबड्या-शेळ्या नेतो, विहिरीत पडतो. आई त्याला वाघच म्हणते आणि अंधार पडला की अंगणातलं दार लावून घेते. इथे जेमतेम १०४ चौरस किलोमीटर जंगलाला तीन बाजूंनी इमारती भिडलेल्या, तरी तो राहतो, बहुतेक वेळा कुणाच्या नजरेला न पडता. तो दिसला नाही. परतताना ह्याचं मला बरंच वाटलं.

६. खेळण्यात कापूस नको, चिंध्या भरा. कसारा घाट चढेपर्यंत पवळ्या काचेपाशी वाळत होता, घरी पोचलो तरी पोटात ओलाच. ढवळ्याची पाळी थंडीत, तोवर प्लास्टरही निघेल. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूर मधमेश्वर, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, आमच्या शेजारीच तर आहे. तिथे फोटो भाची स्वतः काढणार आहे.

रात्री तिने एकेक फोटो ढवळ्याच्या डोळ्यांसमोर धरला. पैसा किड्याचा तीनदा. आई सुई-दोरा घेऊन कान शिवायला बसली, तर भाचीने पवळ्याला ओढून घेतलं.

"थांब गं आजी. आधी त्याला ढवळ्याला सांगू दे, कसा फाटला ते."