आवाज न करणारा पीसी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! रूममेटचा गेटचा अभ्यास रात्री चालतो. माझ्या जुन्या डब्याच्या घरघरीने त्याचं डोकं उठायचं, म्हणून पिक्चर आणि थोड्या गेम्ससाठी नवा जोडला. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं. वेगळं कार्ड नाही, म्हणजे खर्च नाही आणि त्याचा पंखाही नाही. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. कॅबिनेटला १२० मिमीचा पंखा, हळू फिरणारा.

चुकलो रॅममध्ये. १६ जीबीची एकच घेतली आणि गेम अडखळायला लागला. हे ग्राफिक्स रॅमच वापरतं ना! डीडीआर४-३२०० एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ जीबी देते, दोनवर ५१.२. ती बदलून ८-८ च्या दोन लावल्या, काम झालं.

आता रात्री फक्त छताचा पंखा कुरकुरतो. त्याचे तीन अर्ज देऊन झालेत.