मधल्या फळीचा खेळाडू

आमच्या करवीर नगरीत पाटाकडील, खंडोबा इत्यादी तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले, की गोल कोणी केला एवढेच आम्ही विचारतो. वस्तुतः प्रतिपक्षाचा हल्ला मध्येच तोडून चेंडू पुढच्या गड्यास देणारा मधल्या फळीचा खेळाडू आमच्या नजरेतच भरत नाही! ब्राझीलचा जोआओ व्हिक्टर अशांपैकीच होय. स्पेनमधील मायोर्का आदि संघांतून खेळून तो २०२० साली हैदराबादेस आला व कप्तान झाला. २०२१-२२ च्या मोसमात कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच संघात आघाडीस होता. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. हैदराबाद एका गोलाने मागे असता ८८ व्या मिनिटास बरोबरी साधली, ती मधल्या फळीतल्याच साहिल तावोरा या गोमंतकीयाने; पुढे पेनल्टींवर ३-१ असा जय मिळाला.