धुळे-जळगावातून मुलांच्या मानसोपचार विभागापर्यंत

मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करायचं ठरलं की पहिला मोह होतो तो समुपदेशनाच्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राचा. तो आवरा. रुग्णालय आधी विचारतं, नोंदणी कोणती? औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएस, एमडी करून येतात. मानसशास्त्राच्या वाटेने जाणाऱ्याला व्हायचं असतं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्याची व्याख्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. ती आधी वाचून काढा.

बी.ए. मानसशास्त्र जळगावात किंवा धुळ्यात राहूनच करा, पुण्या-मुंबईचा खर्च पुढच्यासाठी राखा. मात्र रोज कॉलेजात जाऊन. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत.

यापुढची पायरी निसरडी आहे. आजवरचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गेलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेशाची मुभा २०२५-२६पर्यंतच मिळाली. आता भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) आखलेले एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, साय.डी. असे अभ्यासक्रम आहेत. नावात 'क्लिनिकल' असलेलं प्रत्येक एम.ए. परिषदेच्या मान्यतेचं नसतं. म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत तीन गोष्टी जुळवा: संस्था, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष. मग संस्थेला फोन करून विचारा, प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात होतं, तिथे लहान मुलं येतात का, देखरेख कोण करतं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा.

प्रवेश परीक्षेची तयारी चालू असताना घरी बसू नका. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ एकाच मुलाकडे कसं पाहतात, ते तिथे कळतं. निरीक्षणाच्या परवानगीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करायचं असेल तर अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे. परवानगी फक्त पाहण्याची असते. फोटो काढायचा नाही, मुलाचं नाव वहीत लिहायचं नाही.

खरं शिक्षण चाचण्यांपाशी सुरू होतं. बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामतांनी बेतली, नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरची बुद्धिमापन चाचणी आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय मुलांसाठी बसवली. तिन्ही शिकाच. पण शिरपूरजवळच्या डोंगरपायथ्याच्या पाड्यावरून आलेलं पावरी बोलणारं मूल पुस्तकी मराठीतल्या प्रश्नावर गप्प बसतं, गुणांक घसरतो, आणि कागदावर बौद्धिक अक्षमता उमटते. मला हा आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका वाटतो. म्हणून चाचणीआधी घरची बोली विचारा: अहिराणी, लेवा, पावरी, गोरमाटी की उर्दू. बोली येत नसेल तर दुभाष्या घ्या, पण त्याला उत्तर सुचवू देऊ नका. सेग्विनचा फॉर्म बोर्ड किंवा रेव्हनच्या रंगीत आकृत्या यांसारखी भाषेवर न विसंबणारी चाचणी जोडीला ठेवा. आईला विचारा, पोरगा दुकानातून हिशेबाने सुटे पैसे आणतो का, शेळ्या एकटा राखतो का? गुणांक कमी आणि रोजचं काम चोख, असं दिसलं तर दोन्ही आकडे अहवालात लिहा आणि कोणत्या भाषेत चाचणी घेतली तेही लिहा. दिव्यांग प्रमाणपत्र याच कागदावर पुढे सरकतं.

वॉर्डात आधी पालकांशी बोला, मग मुलाशी एकट्याने. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. पुढची तारीख देताना कापूस वेचणीचे दिवस आणि गावाची एसटी विचारून घ्या, नाहीतर मूल परत येत नाही.

पदवी मिळाली की परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घाला. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत पाटी लावू नका; आणि ती नोंदणीही कायमची नसते, मुदत संपण्याआधी निरंतर शिक्षणाचे गुण जमवून तिचं नूतनीकरण करावं लागतं.