छायाचित्रातील अनोळखी रेषा व ठिपके

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर तिपाईवर कॅमेरा उभा करून उत्तरेकडील आकाशाचे अर्धा तास छायाचित्र घेतले, तर ताऱ्यांच्या जागी कमानी उमटतात. म्हैसूर सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून जेमतेम १२ अंश उंचीवर असतो, आणि या सर्व कमानी त्याच्याभोवती आखल्यासारख्या दिसतात. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. त्याच मानाने कमानी लांबतात. या शिस्तीत न बसणारी एखादी रेघ किंवा एकाकी ठिपका दिसला, म्हणजे मात्र पाहणारा थबकतो. हा नवा धूमकेतू तर नसेल?

अशा वेळी प्रथम आपल्याच उपकरणाची झडती घ्यावी. भिंगावरील धुळीला उगाच दोष दिला जातो. तेथील कण सहसा इतका पसरट होतो, की त्याचा स्वच्छ ठिपका उमटत नाही. खरे अपराधी निराळे असतात. चामुंडीवरून वायव्येस शहराकडे कॅमेरा रोखला आणि राजवाड्यावरील हजारो दिवे चौकटीत आले, की त्यांचा प्रकाश भिंगांच्या आत परावर्तित होऊन आकाशात फिकट डाग उमटवतो. चित्राच्या मध्यबिंदूतून रेघ ओढली असता डागाच्या बरोबर विरुद्ध बाजूस दिवे सापडले, तर शंकेला जागा उरत नाही. जुन्या फिल्मवर ओरखडे असत. आजच्या संवेदकावर काही बिंदू प्रकाश नसतानाही चमकतात, तर विश्वकिरणांचा आघात झाल्यास आखूड, तीक्ष्ण रेघ उठते. झाकण लावून तेवढ्याच कालावधीचे दुसरे चित्र घ्यावे. सदोष बिंदू त्यातही तसाच दिसेल.

आता आकाशातील वस्तूंकडे वळू. विमानाची ओळख सर्वांत सोपी: त्याचे दिवे उघडझाप करीत असल्याने रेघेवर ठिपक्यांची माळ दिसते. उल्का एखाद्या सेकंदात विझते, म्हणून ती एकाच चित्रात सापडते. तिची रेघ बारीक सुरू होऊन मध्ये फुगते व पुन्हा निमुळती होते. कृत्रिम उपग्रहाची रेघ पुष्कळदा एकसारख्या जाडीची असते आणि लागोपाठच्या चित्रांत पुढे सरकत जाते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक माथ्यावरून जाताना सेकंदाला १ अंशाहून अधिक अंतर कापते. एखादी रेघ आकाशाच्या मध्यावरच संपली, तर त्यात गूढ काही नाही. उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरलेला असतो. २०१९ पासून स्टारलिंक उपग्रहांचे थवे सोडले जाऊ लागले, आणि एकामागोमाग जाणाऱ्या ठिपक्यांच्या रांगेने अनेकांची झोप उडाली.

सर्वाधिक फसवणूक भूस्थिर उपग्रह करतात. हे उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने स्थिर कॅमेऱ्यात तारे रेषा होतात आणि उपग्रह ठिपका राहतो. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवली, की उलट घडते: तारे ठिपके होतात, उपग्रहाची रेघ होते. म्हैसूरहून पाहता यांचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २ अंश दक्षिणेस येतो, म्हणजे मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या अगदी जवळून जातो. मृगाची छायाचित्रे घेणाऱ्यांनी हे विसरू नये. (भारताच्या अशा उपग्रहांचे नियंत्रण म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या हासन येथूनच होते.) स्थिर कॅमेऱ्यात असा ठिपका चित्रामागून चित्र एकाच जागी राहतो, म्हणून तो सदोष बिंदूसारखाच भासतो. झाकण लावलेल्या चित्रात तो नाहीसा होतो. हाच त्या दोघांतील भेद.

या सर्व चाचण्यांतून एखादा ठिपका टिकून राहिला, तर तासाभराने आणि पुढल्या रात्री त्याच प्रदेशाचे छायाचित्र घ्यावे. मुख्य पट्ट्यातील लघुग्रह सूर्याच्या समोरच्या बाजूस असता ताऱ्यांमधून दिवसाला सुमारे पाव अंश सरकतो. दोन चित्रे पालटून पाहिल्यावर सरकलेला ठिपका उठून दिसतो. क्लाइड टॉमबॉ यांना १९३० साली प्लूटो असाच सापडला; २३ व २९ जानेवारीच्या काचांची त्यांनी तुलना केली होती.

संशय तपासण्याचे कष्ट घेतले, तर विद्यार्थ्यालाही यश येते. वेणू बाप्पू हार्वर्ड येथे शिकत असताना २ जुलै १९४९ रोजी घेतलेल्या छायाचित्रात त्यांना एक अनोळखी खूण आढळली. तो धूमकेतू निघाला. बाप्पूंसह बार्ट बोक व गॉर्डन न्यूकर्क यांची नावे त्यास मिळाली. पुढे तमिळनाडूतील कावलूर येथे बाप्पूंनी वेधशाळा उभी केली. त्यांच्या निधनानंतर, १९८६ मध्ये, तिला त्यांचे नाव दिले गेले.

भारतातून लघुग्रह शोधण्याची परंपरा त्याआधीची. मद्रास येथे नॉर्मन पॉगसन यांनी १८६१ मध्ये 'एशिया' व १८८५ मध्ये 'व्हेरा' हे लघुग्रह शोधले होते, पण डोळ्याने, नकाशाशी ताडून. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. कावलूरच्या ४५ सेंटिमीटर श्मिट दुर्बिणीने १७ फेब्रुवारी १९८८ रोजी आर. राजमोहन यांनी एक नवा लघुग्रह टिपला. त्याची कक्षा निश्चित झाल्यावर त्यास ४१३० हा क्रमांक मिळाला आणि गणिती रामानुजन यांचे नाव देण्यात आले.