केळीचा सोंड्या भुंगेरा व वासाचा सापळा

खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला आपले झाड नेमके कसे सापडते? त्याची भिस्त मुख्यतः वासावर असते. डोक्यावरच्या मिशा हेच त्याचे नाक. कापलेल्या, मोडलेल्या किंवा कुजू लागलेल्या खोडाचा वास मिशांना लागला की तो तिकडे वळतो.

आपल्या मध्य प्रदेशातले उदाहरण घ्या. १९९७-९८ च्या सुमारास मंडला भागातील सालवनांत सालबोरर या किडीची मोठी साथ आली. तेव्हा सालाचे ताजे ओंडके टाकून त्यांची टोके ठेचली गेली. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे जमले आणि वेचून मारले गेले. वासाने येणारी कीड वासानेच पकडता येते.

बऱ्हाणपूरच्या केळी बागाईतदारांनी हेच तत्त्व ध्यानात घ्यावे. केळीचे खोड लाकडाचे नसते, तरी सोंड्या भुंगेरा त्यात घर करतो. हा कीटक काळा किंवा तांबूस असतो. मादी खोडाला छिद्र पाडून आत अंडी घालते आणि अळ्या आतून पोखरतात. बारीक छिद्रे व त्यांतून गळणारा चिकट डिंक ही पहिली खूण. असे झाड घडाच्या भाराने किंवा वाऱ्याने मोडते व वर्षाची मेहनत वाया जाते. शिवाय नर भुंगेरा स्वतःही एक गंध सोडतो. त्यामुळे नर आणि माद्या दोन्ही तेथे गोळा होतात.

सापळा असा करावा:

१. घड काढलेल्या निरोगी झाडाच्या ताज्या खोडाचे हातभर तुकडे करून ते उभे चिरावेत.

२. चिरलेली बाजू जमिनीकडे करून ते झाडांच्या बुंध्यांजवळ ठेवावेत.

३. रोज सकाळी तुकडे उलटून भुंगेरे वेचावेत व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत.

४. तुकडे सुकले किंवा कुजू लागले की नवे ठेवावेत. जुने बारीक चिरून उन्हात वाळवावेत.

सापळा लावून विसरू नये. न तपासलेला तुकडा किडीचेच घर बनतो. घड उतरवल्यावर बागेत पडून राहिलेले खोडही तसेच. त्याच्या वासाने शेजारच्या बागेतली कीडसुद्धा आपल्याकडे येते. म्हणून खोडे वेळीच काढावीत आणि लागवडीचे कंद कीड नसलेल्या बागेतूनच घ्यावेत. सापळ्याने कीड समूळ जात नाही, पण तिची संख्या घटते. शेजाऱ्यांनी मिळून सापळे लावले तर फायदा अधिक.