*उन्हाळी सल्ला : घामासोबत पाणीच नाही, मीठही जातं*



तेंदूपत्ता आणि उन्हाळी धानाची कापणी, दोन्ही कामं भर उन्हात आली आहेत. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. "भरपूर पाणी प्या" हे सगळेच सांगतात. आज त्याच्या पुढची गोष्ट वाचा.

*नुसत्या पाण्याने का भागत नाही?*
घाम खारट लागतो, कारण त्यात मीठ असतं. उन्हात जोराचं काम केलं तर तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो आणि त्यासोबत साधारण 2 ते 3 ग्रॅम मीठ. मिठातलं सोडियम आणि फळं-भाज्यांतलं पोटॅशियम यांच्यावरच आपले स्नायू, नसा आणि हृदय चालतं. मीठ गेलं आणि आपण तासन् तास साधं पाणीच पीत राहिलो, तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मग पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं.

*घरचं माप (चहाचा छोटा चमचा)*
▪️ पिण्याचं स्वच्छ पाणी : 1 लिटर
▪️ साखर : 6 सपाट चमचे
▪️ मीठ : अर्धा सपाट चमचा
▪️ वरून लिंबू पिळा

साखर चवीपुरती नाही. साखर सोबत असली की आतडं मीठ आणि पाणी लवकर ओढून घेतं. 1971 च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलराचे कितीतरी रुग्ण वाचवले. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर तेही घातक, लहान मुलांना तर फारच.

*ओआरएसचं पाकीट*
आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळतं. 1 लिटरचं अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यातच टाका. थोडं-थोडं करून ग्लासात घोळू नका, माप बिघडतं. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

*रोजच्या खाण्यात*
✅ पहाटे पानं तोडायला उपाशी निघू नका. मीठ घातलेली पेज किंवा आंबील पिऊन निघा.
✅ दुपारी ताक किंवा कैरीचं पन्हं घ्या.
✅ वरण, बटाटा, केळं यांतून पोटॅशियम मिळतं.
✅ तहानेची वाट न पाहता दर 20 मिनिटांनी थोडं-थोडं प्या. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय असं समजा.
❌ मोहाची असो की दुसरी, दारू पिऊन उन्हात जाऊ नका. दारूने लघवीवाटे पाणी आणखी जातं.

*हे लक्षात ठेवा*
बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका. शुगर असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्या. घाम न येणाऱ्या दिवशी कोणालाच जास्तीचं मीठ लागत नाही. एरवी दिवसभरात सगळं मिळून एका चहाच्या चमच्याच्या आतच मीठ हवं.

🚨 *थांबू नका, 108 ला फोन करा*
अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, झटके किंवा बेशुद्धी, यातलं काहीही दिसलं तर माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

जुलैत रोवणीच्या वेळी दमट हवेतही असाच घाम जातो. तेव्हाही हेच माप चालेल. घरात चुलीजवळ लिहून ठेवा आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्या शेजाऱ्यांना वाचून दाखवा.